तुटल्याची खबर

वडगावात, बाजार गल्लीच्या वळणावर आमचं मेडिकल.
संध्याकाळी साडेसातला रुद्रव्वा आली,
खासबागेतून चालत, केसांत सुताचे तंतू.
काउंटरवर कोपर टेकून म्हणाली,
"ती काचेची बाटली दाखव बघू.
ड्रॉपरची. सुरकुत्यांची."

सहाशे एकोणपन्नास.
किंमत तिनं दोनदा मोठ्यानं वाचली,
एकदा कानडीत, एकदा मराठीत.
दोन्हीकडे तेवढीच निघाली.

"आत काय असतंय गे?"

पेप्टाइड, मी म्हटलं,
आणि परीक्षेत पुढची ओळ विसरावी तशी थांबले.
शेजारच्या बोळातून माग ऐकू येत होते,
म्हणून मागावरनंच सांगितलं.

कातडीखाली पण विणकाम चालतं, रुद्रव्वा.
कोलॅजेन नावाचं सूत असतं,
गाल, कपाळ, सगळं त्यानं ताणून धरलेलं.
विणणारा तरुणपणी रात्रपाळी करतो,
पुढं पुढं डुलक्या काढतो.
सूत तुटलं की बारके तुकडे पडतात
आणि ते तुकडेच ओरडतात, तुटलं रे, तुटलं!
मग तो दचकून उठतो, परत विणायला बसतो.
पेप्टाइड म्हणजे तसलाच एक तुकडा,
पाच मण्यांची सर, कारखान्यात ओवलेली.
तिथं काही तुटलेलं नसलं तरी
ती हाक घालते.

"म्हणजे लबाडी," रुद्रव्वा म्हणाली.
"आमच्या मालकांना उठवायला
मी पण असंच ओरडत होते."

दुसऱ्या जातीचं पेप्टाइड चिठ्ठ्या अडवतं.
आठी घाल, अशी चिठ्ठी नस पाठवते स्नायूला,
ती वाटेत थांबते, कोगनोळीच्या नाक्यावर
ट्रक थांबावा तशी,
आणि कपाळ जरा सैल राहतं.
"सगळ्या अडतात?"
नाही. थोड्या.
मुळात आत शिरणंच अवघड,
कातडी कुणाला सहजी घेत नाही घरात,
म्हणून त्याला चरबीची शेपटी लावून पाठवतात.
बारा आठवडे रोज लावलं
तर रेघा जातात असं नाही,
जरा उथळ दिसतात.
एवढं मी मालक गोडाऊनमध्ये असताना बोलून घेतलं.

ती हसली. सगळं तोंड हसलं, रेघांसकट.

मग उजवा अंगठा दिव्याखाली धरला.
चाळीस वर्षं कांड्या भरून
झिजलेला,
जुन्या चार आण्यासारखा, ज्यावरचा छाप गेलाय.
"पेन्शनचं मशीन घेईना गे.
तीनदा परत पाठवलं.
पोरगा म्हणतोय, अव्वा, तुम्हाला रेघाच नाहीत.
तोंडभर आहेत की रे, म्हटलं, यातल्या घे."

माझ्या पाठीमागं शेल्फावर
रेघा घालवणाऱ्या अकरा बाटल्या,
डाग घालवणाऱ्या सात.

"अंगठ्यातला विणकर
झोपलाय काय मेलाय?
त्याला हाक घालणारं काय नाही?"

नाही, म्हणायचं होतं.
टेस्टरचं झाकण उघडलं
आणि एक थेंब सोडला तिच्या अंगठ्यावर.
काही होणार नव्हतं, दोघींनाही ठाऊक.
तिनं तो तर्जनीवर घोळवला, सावकाश,
तुटलेल्या सुताची टोकं वळतात तसा.
वास घेतला.
"कशाचाच नाही येत."
उरलेला ओलावा पदराला न पुसता
कपाळाला लावला,
नेमका आठीवर.

तेवढ्यात लाईट गेली.
बोळातले माग एका दमात थांबले
आणि अंधारात
ती मान तिकडं वळवून उभी राहिली,
किती वेळ कुणास ठाऊक.
लाईट आली, एक माग लागला, मग दुसरा.
बाटली तिनं माझ्याकडं सरकवली,
चप्पल पायानंच शोधली, पायरी उतरली.

"उद्या डावा दाखवून बघते."